फौजदाराची मिशी

कोल्हार,
११ ऑगस्ट २०२५

प्रिय चांगुणा,

फोन न करता पत्र का, असं तू विचारशील. तीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडले. मधे बसलेल्या माणसाला काय काय ऐकू येतं ते मला पक्कं माहीत आहे. महत्त्वाचं बोलणं मी कागदावरच करते, आणि हे महत्त्वाचं आहे.

आपल्या घाटपायरी नाट्यमंडळाचं यंदाच्या हंगामाचं पत्रक काल आलं. आपला पडदा ओढणारा कारभारी घेऊन आला होता. एरवी तो दारात आला की पडद्याची दोरी कशी तुटली इथपासून सुरू करतो आणि चहा झाल्याशिवाय उठत नाही. काल उंबऱ्याबाहेरूनच कागद दिला, "बाई, घाईत हाय," म्हणाला आणि सायकलवर टांग टाकली. कारभारी आणि घाई. मनात पाल चुकचुकली ती तिथेच.

चार नाटकं आहेत. ऑक्टोबरात 'पेन्शनवाली सासू', नोव्हेंबरात 'पुलावरचा शेवटचा माणूस', डिसेंबरात मुलांचं 'वांग्यांचं लग्न', आणि जानेवारीत पुन्हा आपलं 'चहानंतर खून'. सगळ्यांची नावं आहेत. नेपथ्य, प्रकाश, रंगभूषा. अगदी खाली 'चहा : भीमा' असंही आहे. प्रॉम्प्टरचं, म्हणजे माझं, नाव मात्र नाही. एकतीस वर्षांत हे पहिल्यांदाच. मी भिंग घेऊन मागची बाजूसुद्धा पाहिली. तिथे सिमेंटची जाहिरात आहे.

हे छपाईत राहून गेलेलं नाही, हे मला कळतं. गेल्या डिसेंबरात नगरच्या स्पर्धेत जे झालं त्याचा सूड आहे हा. काय झालं होतं? फौजदाराचं काम करणाऱ्या आदिनाथच्या उसाला त्याच दिवशी तोड आली आणि तो आलाच नाही. तू मिशी लावून फौजदार झालीस, एक वाक्य पाठ नसताना, नुसत्या माझ्या आवाजावर. आपल्या मंडळाची रीतच आहे, बाईंनी दिलेलं वाक्य घ्यायचं, शंका काढायची नाही. आणि तू खणखणीत आवाजात म्हणालीस, "प्रेताला कुणी हात लावू नका." प्रेत समोर बशीतून चहा पीत होतं. खून व्हायचाच होता. अमृतरावांनी बिचाऱ्यांनी बशी खाली ठेवली आणि आपण होऊन मेले. नंतर लोक जे हसले ते पडदा पडेपर्यंत हसले.

वाक्य मी चुकीचं दिलं, हे मी नाकारत नाही. पण का दिलं? आपण गावोगाव सोबत नेतो तो विंगेतला साठचा बल्ब काढून अमृतरावांनी तिथे कसलातरी मिणमिणता दिवा लावला होता म्हणून. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात आयुष्य काढलेला माणूस, त्याला विजेची बचत सुचायचीच. हल्ली सगळीकडे हेच चाललंय. परवा एस.टी.वरच्या त्या लाल नाचऱ्या अक्षरांमुळे मी लोणीची गाडी समजून बसले आणि राहात्याला उतरले. हे मी फक्त तुला सांगते आहे.

अमृतराव हा हस्तक आहे, डोकं दुसऱ्या कुणाचं आहे. माझा संशय अश्विनीवर आहे. पुण्याला नाटकाचा कोर्स करून आलेली मुलगी, यंदा चारही नाटकं तीच बसवते आहे. तुझ्या कानावर काही आलं असेल तर लिही. विंगेतल्या त्या स्टुलाशिवाय मला या गावात बसायला दुसरी जागा नाही, हे तू जाणतेस.

तुझी
एस्तेर


राजूर,
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय एस्तेर,

तुझं पत्र मिळालं. पाकीट जाड वाटलं म्हणून घाबरले होते. उघडलं तर पाच कागद, प्रत्येकावर आठ ओळी. तुझं अक्षर एवढं मोठं कधी झालं? आणि ओळी उतारावर सुटलेल्या बैलगाडीसारख्या उजवीकडे खाली चालल्या आहेत. डोळे दाखवलेस का? मी हे जूनमध्ये कोल्हार सोडतानाही विचारलं होतं, आणि त्याआधीही.

मी इथे बरी आहे. माझ्या कल्याणचं दुकान बाजारपेठेतच असल्यामुळे बाजाराच्या दिवशी आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते. डोंगरातल्या बायका भात लावणीच्या गप्पा मारत बसतात आणि मला "मास्तरीनबाई" म्हणतात. शाळा सुटून सहा वर्षं झाली, तरी मी अजून त्यांच्या चपला ओळीत लावते.

पत्रकाबद्दल मला काही ठाऊक नाही. अमृतरावांशी माझं बरेच दिवसांत बोलणं झालेलं नाही. अश्विनी चांगली मुलगी आहे. माझ्या वर्गात होती, पाढे न चुकता म्हणायची. तिच्यावर उगाच घेऊ नकोस.

लोणीला मोठा दवाखाना आहे, तुला बसनं अर्ध्या तासावर. बरोबर कुणालातरी घे, म्हणजे राहात्याला जाणार नाहीस.

तुझी
चांगुणा


कोल्हार,
३० ऑगस्ट २०२५

प्रिय चांगुणा,

माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. दिव्यांना झालं आहे.

आता मुद्द्याचं. मंगळवारी मी ग्रामपंचायतीच्या हॉलवर गेले. तालमी सुरू आहेत आणि मला कुणी कळवलं नव्हतं. पहिली गोष्ट पाहिली ती विंग. माझं स्टूल जागेवर नाही. ते मागच्या दाराशी आहे आणि त्यावर भीमाचा स्टोव्ह बसला आहे. एकतीस वर्षं ज्यावर मी बसले, त्यावर दूध उकळतंय. भीमा मला म्हणतो, "बाई, लई मजबूत हाय वो तुमचं स्टूल." मी म्हटलं, "माहीत आहे. मी त्याच्यावरून उतरले नव्हते."

अमृतराव वडा खात होते. त्याच तेलकट हातानं त्यांनी नाटकाची प्रत उचलली. शाळेत आमच्या सिस्टर फिलोमिना वर्गाच्या दारात उभ्या राहून प्रत्येकीचे पंजे उलटसुलट करून बघायच्या. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला बोट लागलं की पट्टी. तेव्हा मला त्या दुष्ट वाटायच्या.

"अमृतराव," मी विचारलं, "पत्रकात प्रॉम्प्टरचं नाव राहिलं का?"

"जागाच नव्हती बाई."

"चहाला होती."

"भीमाचं नाव टाकलं नाही तर तो चहा देत नाही."

"आणि माझं टाकलं नाही तर मी काय देत नाही?"

त्यांनी तोंड पुसलं. "बाई, किती वर्षं त्या अंधारात बसणार? यंदा समोर बसा. पहिली रांग, मधली खुर्ची. मान आहे तुमचा."

"मान असलेल्या माणसाला विंगेत ठेवतात. नको असलेल्याला पहिल्या रांगेत."

"तसं नाही हो. दगदग नको तुम्हांला. परवा लोणीला निघालात आणि राहात्याला पोचलात म्हणे."

चांगुणा, हे वाक्य पुन्हा वाच. राहात्याचं मी तुझ्याशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही. घरी कृपालासुद्धा नाही, आणि ती माझ्या भावाची नात, माझ्याच घरी राहून कॉलेज करते. मग हे अमृतरावांना कुठून कळलं? एकच उत्तर आहे. आपली पत्रं फोडली जातात. इथला नवीन पोस्टमन कारभारीच्या चुलत्याचा जावई आहे. कालच मी त्याला नुसतं विचारलं, "पाकिटाला वाफ किती वेळ द्यावी लागते?" तर तो माझ्याकडे बघतच राहिला. निर्दोष माणूस हसला असता.

इथून पुढे पाकीट नुसतं थुंकीनं बंद करू नकोस. डिंक लाव, भरपूर लाव. मी वर टेपही मारते आहे.

तुझी
एस्तेर


राजूर,
१० सप्टेंबर २०२५

— पान १ —

प्रिय एस्तेर,

तुझं पाकीट कात्रीनं उघडता आलं नाही, कल्याणचा सुतळी कापायचा विळा घ्यावा लागला. तू सांगितलंस म्हणून मीही आज दुकानातली डिंकाची बाटली घेऊनच बसले आहे. कागदाच्या एकाच बाजूला लिहिते आहे आणि शाळेच्या सवयीनं पानांना नंबर घातले आहेत. सगळी पानं वाच. उजेडात बसून वाच.

इथे पाऊस थांबत नाही. कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं, काडेपेटी ओली. सून म्हणते, "आई, तुमी तेवढ्या कोरड्या ऱ्हायल्यात." चांगलं म्हणाली की वाईट, ते मी विचारलं नाही.

— पान २ —

स्टुलाचं वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. ते स्टूल तुझ्यासाठी माझ्या शाळेतल्या सुतारकामाच्या वर्गात मुलांनी केलं होतं, आठवतं? एक पाय आखूड झाला म्हणून आपण खाली पुठ्ठा घालायचो.

पण पोस्टमनला सोड. त्याचा काही दोष नाही. कारभारीचाही नाही. राहात्याची गोष्ट अमृतरावांना कुणी सांगितली, ते मला माहीत आहे. तुझ्या डोळ्यांबद्दल आणि यंदा तुला पुस्तक देऊ नका म्हणूनही त्याच व्यक्तीनं सांगितलं. तू चिडशील, पण मी आता नाव लपवणार नाही. ती व्यक्ती म्हणजे

— पान ३ —

मी.

स्पर्धेनंतर मी तुला चार वेळा डोळ्यांबद्दल विचारलं, चार वेळा तू बल्बवर ढकललंस. त्या दिवशी विंगेत मी तुझ्या शेजारी होते. मिशी चिकटवता चिकटवता तुझ्या मांडीवरचं पुस्तक ओढून पुढची वाक्यं बघत होते. पुस्तक परत दिलं तेव्हा तू ते नाकाला टेकवून धरलंस, मी पाहिलं. तरी मी गप्प राहिले, आणि पाच मिनिटांनी जिवंत माणसाला प्रेत म्हणाले. लोक हसले ते मी विसरीन. पण परतीच्या टेम्पोत सगळे तुझी नक्कल करत होते आणि तू पुढे ड्रायव्हरशेजारी ताठ बसली होतीस, ते विसरता येत नाही. पुन्हा कुणी तुला हसू नये म्हणून जुलैत मी अमृतरावांना फोन केला. ऑगस्टात तुझं पत्र आल्यावर पुन्हा केला आणि राहात्याचंही मीच सांगितलं, त्यांना पटावं म्हणून. तुझं नाव गाळून पत्रक छापून येईल आणि तुला असं कळेल, हे मला सुचलं नाही. तुझ्याशी खोटं बोलले, बोलणं झालेलं नाही म्हणाले. मला माफ कर किंवा करू नकोस, पण डोळे दाखव.

आता दुसरं काहीतरी लिहिते, नाहीतर कागद भिजेल. परवा अचानक दारात कोण उभी होती सांगू?

— पान ४ —

कल्याणची सासू, पंकजाताई. भंडारदऱ्याला धरणाजवळ त्यांचं छोटं हॉटेल आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाशी बोलायचं आणि इकडची बातमी तिकडे पोचवायची, हा त्यांचा खरा धंदा. माहेर लोणीचं, त्यामुळे कोल्हारचंही त्यांना सगळं माहीत. मनानं मात्र फार चांगली बाई. तू रागावू नकोस, माणूस आपल्या भल्यासाठीच कधीकधी चुकीचं वागतो.

उत्तराची वाट बघते.

तुझी
चांगुणा


कोल्हार,
२२ सप्टेंबर २०२५

प्रिय चांगुणा,

तुझं पत्र वाचून मी थक्क झाले. आणि तुझ्या सरळपणाला दाद देते. स्वतःच्या विहीणबाईचं नाव असं उघड सांगणं सोपं नाही.

म्हणजे कल्याणची सासू. ज्या बाईला मी जन्मात पाहिलेलं नाही, तिला माझ्या डोळ्यांची चिंता. तिला राहात्याचं कसं कळलं ते मी लगेच ओळखलं. तू माझं पत्र कपाटात ठेवत नाहीस, खिडकीत ठेवतेस. वीस वर्षांची तुझी सवय आहे. ती तुझ्या घरी आली, चहा प्यायली आणि वाचून गेली. तू तिला 'मनानं फार चांगली' म्हणतेस. हॉटेलवाल्या सगळ्यांशी चांगल्याच असतात.

मी तिला पत्र टाकलं आहे. 'पंकजाबाई, धरणाजवळचं हॉटेल, भंडारदरा' एवढ्यावर पोचेल. शिवी एकही नाही. फक्त एवढं लिहिलं की आपण भज्यांकडे लक्ष द्यावं, कोल्हारची रंगभूमी आपल्याशिवाय तगेल.

इकडे दुसरा कट उघडा झाला. प्रॉम्प्टर आहे. नाव छापलेलं नाही, पण माणूस आहे. आणि ती कोण, तर कृपा. माझ्या घरात माझ्या हातची भाकरी खाऊन संध्याकाळी "लायब्ररीत जाते आजी" म्हणते, आणि हॉलवर जाऊन मोबाईलवरून वाक्यं देते. मी विंगेच्या मागच्या दारातून ऐकलं. चांगला आवाज आहे, पण घाई करते. नट श्वास घेत असताना वाक्य द्यायचं नसतं, श्वास संपल्यावर द्यायचं असतं. हे कुठल्या मोबाईलमध्ये लिहिलेलं असतं?

घरी आल्यावर विचारलं. रडायला लागली. "आजी, मला अश्विनीताईंनी विचारलं. तुला सांगायची हिंमत नाही झाली."

"कुणी सांगितलं होतं, आजीला कळू देऊ नको म्हणून?"

"सगळ्यांनीच."

सगळ्यांनीच. अमृतराव, अश्विनी, कारभारी, भीमा, घरातली पोर, आणि भंडारदऱ्याची भजीवाली. या सगळ्यांत एकच माणूस असा आहे ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा, आणि ती डोंगरात जाऊन बसली आहे.

तुझी
एस्तेर


राजूर,
३ ऑक्टोबर २०२५

एस्तेर,

काल पंकजाताई तुझं पत्र हातात घेऊन आल्या. दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, "विहीणबाई, म्या काय केलं वो त्या बाईचं? मला तर त्यांचं नाव बी ठाव न्हाई." मग बसून रडल्या. कल्याण माझ्याकडे बघतोय, सून माझ्याकडे बघतेय. तू भज्यांबद्दल लिहिलंस ते त्यांना सर्वांत जास्त लागलं.

माझं पत्र काढ. पानांना नंबर आहेत. दोननंतर तीन येतं. तू दोननंतर चार वाचलंस.

नगरला केलंस तेच. दोन पानं एकदम उलटलीस आणि भलत्याच माणसाला पकडलंस. तेव्हा मी तुझ्या आवाजावर चालले आणि जिवंत माणसाला प्रेत म्हणाले. आता तू माझ्या पत्रावर चाललीस आणि माझ्या विहीणबाईंना चोर म्हणालीस.

तिसऱ्या पानावर काय आहे ते मी पुन्हा सगळं लिहिणार नाही. एका ओळीत सांगते, आणि मोठ्या अक्षरात लिहिते, म्हणजे तुला चुकवता येणार नाही :

अमृतरावांना मी सांगितलं. मी.

चांगुणा


राजूर,
२७ ऑक्टोबर २०२५

प्रिय एस्तेर,

दिवाळीचा डबा तुझ्याकडे जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवला होता. रिकामा परत आला, धुऊन, आत चिठ्ठी नाही. चकल्या खाल्ल्यास की वाटून टाकल्यास ते कळलं नाही.

काल कृपाचा फोन आला. तिनंच सांगितलं की तू एके दिवशी सकाळी तिला म्हणालीस, "चल लोणीला, आणि बसवरची पाटी तू वाच." मोतीबिंदू पिकला होता, उजवा डोळा झाला, डाव्याची तारीख मिळाली आहे, असं म्हणाली. ती फोन तुला देत होती. तू घेतला नाहीस, तेही मी ऐकलं. "मी फोनवर बोलत नाही," एवढं ऐकू आलं. आवाज खणखणीत होता. तेवढ्यावर मी दिवसभर काम केलं.

रागावलीस तर रागावलेलं लिही. तुझा राग मला वाचता येतो. कोरं पाकीट वाचता येत नाही.

तुझी
चांगुणा


कोल्हार,
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय चांगुणा,

उशीर झाला. डॉक्टरांनी महिनाभर खाली वाकू नका, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, चुलीपुढे बसू नका, असं सांगितलं होतं. लिहू नका असं सांगितलं नव्हतं. पण मला आधी वाचायचं होतं.

पट्टी काढली त्या दिवशी पहिली गोष्ट पाहिली ती स्वतःची भिंत. पिवळी समजत होते, ती पांढरी आहे. दुसरी गोष्ट कृपा. तिच्या गालावर तीळ आहे. दोन वर्षं पोर माझ्या समोर जेवते आहे. तिसरी गोष्ट विंगेतला बल्ब. कारभारी शिडी लावून वर चढला, काढून माझ्या हातात दिला. "बाई, ह्यो बघा. साठचाच हाय. म्या बदललाच न्हाई कवा." त्यावर साठ लिहिलेलं आहे. मी स्वतः वाचलं. तेव्हा दिव्यांवरचा आरोप मी मागे घेते. अमृतरावांनाही तसं सांगितलं. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई." मी म्हटलं, "जाऊ कशाला द्यायचं? पत्रकात छापा."

मग तुझं पत्र काढलं. दोन आणि तीन नंबरची पानं खालच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेली होती. ओला बोळा फिरवून सोडवली. तिसरं पान मी खिडकीत बसून वाचलं, एकदा भिंगाशिवाय आणि एकदा चष्म्याशिवाय. तुझ्या मी-वर मी बराच वेळ थांबले.

तुझ्यावर चिडायचा मला हक्क आहे आणि तो मी वापरणार आहे. तू चार वेळा विचारलंस, खरं आहे. पण पाचव्यांदा मला न विचारता तू अमृतरावांना सांगितलंस. माझ्यावर कुणी हसू नये म्हणून मला उठवलंस. मी हसण्याला कधी घाबरले होते? एकतीस वर्षं अंधारात बसणारा माणूस टाळ्यांसाठी बसत नाही, मग हसण्याला काय भिणार? मला फक्त माझं स्टूल हवं होतं. हे तुला माहीत होतं, आणि पहिल्याच पत्रात मी लिहिलंही होतं.

आता पुढचं नीट वाच. उजेडात बसून वाच.

तुझी चिकटलेली पानं सोडवताना माझ्या मनात एक गोष्ट आली. कोपरा आणि डिंक. मी कारभारीला मंडळाच्या कपाटातून 'चहानंतर खून'ची प्रत आणायला सांगितली, नगरला माझ्या मांडीवर होती तीच. गेल्या डिसेंबरपासून तिला कुणी हात लावलेला नव्हता. आपण एकाच बाजूला लिहितो, दुसरी बाजू खुणांसाठी कोरी ठेवतो, ते तुला माहीत आहे. एक्केचाळीस नंबरचं पान मी उलटलं. त्रेचाळीस आलं.

बेचाळिसावं पान गेलं नव्हतं. ते तिथेच होतं, एक्केचाळीसच्या पाठीला खालच्या कोपऱ्यात घट्ट चिकटलेलं. खून त्याच पानावर आहे. चांगुणा, मी दोन पानं उलटली नाहीत. एकच उलटलं, दोन पानांइतकं जाड.

ते सोडवायला डॉक्टरांच्या कापसाला स्पिरिट लावावं लागलं. पाण्यानं सुटलं नाही, कारण तो डिंक नव्हता. पिवळट, चकचकीत, आणि अजून वास होता. तो वास तुला आणि मला दोघींनाही माहीत आहे. मेकअपच्या पेटीतला, दाढीमिशा चिकटवायचा गम. त्यात अंगठ्याचा ठसा होता. आणि ठशाच्या मधोमध एक केस, काळा कुळकुळीत, दीड इंच. एवढा काळा केस मंडळात कुणाच्याच डोक्यावर नाही. तो फौजदाराच्या मिशीचा आहे.

तू स्वतःच लिहिलं आहेस, तिसऱ्या पानावर. मिशी चिकटवता चिकटवता पुस्तक ओढून वाक्यं बघत होते. म्हणजे तू माझं पुस्तक चिकटवलंस, माझ्या मांडीवर परत ठेवलंस, स्टेजवर गेलीस, मी दिलेलं वाक्य घेतलंस, आणि मग सात महिने माझ्या डोळ्यांची काळजी केलीस. सप्टेंबरात मी म्हटलं, पाकिटाला डिंक लाव, तर तू पुन्हा त्याच बोटांनी तेच केलंस. गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परत येतो म्हणतात. तू तर तोच कोपरा निवडलास.

मी मंगळवारी सगळ्यांना हॉलवर बसवलं आणि पान दाखवलं. अश्विनीनं वास घेतला. अमृतराव म्हणाले, "म्हणजे मी वर्षभर बाईंमुळे मेलो असं समजत होतो, आणि मेलो चांगुणाबाईंमुळे." भीमा हसता हसता स्टोव्ह विझवायला विसरला. तो आता जमिनीवर आहे, स्टोव्ह. स्टूल विंगेत आहे. पुठ्ठा नवा घातला.

माझा वाटा मी ठेवून घेते. डोळे धड असते तर एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस आलेलं मला दिसलं असतं आणि मी थांबले असते. तेवढा दोष माझा, आणि तो मी त्यांच्यासमोर बोलून दाखवला. कृपा वाईट नाही. ऑक्टोबरचं नाटक तिनं पार पाडलं, नोव्हेंबरचंही ती करेल, मुलांचंही. श्वासाचं तिला शिकवलं आहे. जानेवारीत मात्र पुस्तक माझ्या मांडीवर. डाव्या डोळ्याची तारीख पंधरा डिसेंबर, म्हणजे वेळेत होतं. पत्रक पुन्हा छापायला मी सांगितलेलं नाही. अमृतरावांनी उरलेल्या पत्रकांवर माझ्या नावाचा शिक्का मारला आहे, तो वाकडा बसतो, पण वाचता येतो.

आदिनाथचा ऊस जानेवारीतच जाणार आहे. तो आत्ताच नाही म्हणाला. फौजदार तुलाच व्हायचं आहे. कल्याणला सांग, दोन दिवस सुट्टी दे आईला. पंकजाबाईंनाही घेऊन ये. त्यांच्यासाठी मी पहिल्या रांगेतली मधली खुर्ची ठेवली आहे, ती माझ्या मानाची होती. क्षमा मी त्यांची तिथे समोरासमोर मागेन. भज्यांचं वाक्य मागे घेते, ते चांगलं होतं तरी.

मिशी मी स्वतः लावीन. तू हात पाठीमागे बांधून उभी राहायचंस. नंतर साबणानं धुवायचेस, दोनदा, आणि पंजे उलटसुलट करून मला दाखवायचेस. सिस्टर फिलोमिना दुष्ट नव्हत्या, त्यांना काहीतरी माहीत होतं.

चकल्या मी खाल्ल्या. सगळ्या.

तो केस एका कोऱ्या पाकिटात घालून मी बायबलमध्ये ठेवला आहे. आलीस की दाखवीन. टपालानं पाठवणार नाही. त्या पोस्टमनला मी अजून निर्दोष सोडलेलं नाही.

तुझी
एस्तेर